मामा, ते पाच हजार भरू नका

आमचे मामा नागपूरच्या महाल भागात राहतात. मे महिन्यात दोन कूलर, एक एसी आणि बिल आलं की घरभर चौकशी. त्यामुळे तो मेसेज त्यांना गोड लागला यात नवल नाही: 'चमचाभर निकेल पावडरवर सहा महिने घरची वीज. इटलीच्या आंद्रेआ रोस्सीचं कोल्ड फ्यूजन यंत्र, शास्त्रज्ञांनी कंट्रोल टेस्टसकट सिद्ध केलेलं. भाभा केंद्रानं १९८९ मध्येच केलं होतं. तेल कंपन्यांनी दाबलं.' खाली बुकिंगचे पाच हजार भरायला एक नंबर. "भरून टाकू काय बे?" मामांचा फोन.

तेल कंपन्यांचं सोडा. कोल्ड फ्यूजन म्हणजे प्रचंड तापमानाशिवाय अणूंची केंद्रं जोडून ऊर्जा काढायची. गूगलनं याच विषयावर सुमारे एक कोटी डॉलर खर्चून शोध घेतला. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला: पुरावा सापडला नाही. ह्याला दाबणं म्हणत असतील तर म्हणोत.

भाभा केंद्राची गोष्ट मात्र निम्मी खरी, हे कबूल करावं लागेल. पॉन्स आणि फ्लाइशमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी मार्च १९८९ मध्ये कोल्ड फ्यूजन साधल्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी आपल्या लोकांनीही ट्रिटियम, न्यूट्रॉन, म्हणजे फ्यूजनच्या खुणा, दिसल्याचं नोंदवलं. पण तिथून घरच्या विजेपर्यंत कोणीच पोचलेलं नाही.

आता ती 'कंट्रोल टेस्ट'. २०१४ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत ३२ दिवस रोस्सीचं यंत्र चाललं, घातलेल्या विजेच्या तिपटीहून जास्त ऊर्जा निघाली म्हणे. मेसेज पाठवणाऱ्यानं तो अहवाल उघडला असता तर तोंड लपवलं असतं. पावडर न घालता, म्हणजे डमी म्हणून, यंत्र चालवलं ते ५०० वॅटच्याही आत, तापमान साधारण ४५० अंश. पावडर घातल्यावर ८०० ते ९०० वॅट आणि १२६० ते १४०० अंश! डमी तेवढी का तापवली नाही? तडे जायची भीती, असं अहवालवालेच लिहितात. म्हणजे कळमन्याच्या बाजारात अर्ध्या किलोच्या मापानं काटा तपासायचा आणि त्यावर संत्र्याचे क्रेट मोजायचे! शिवाय उष्णता पाण्यात न मोजता थर्मल कॅमेऱ्यानं मोजली. यंत्राचं कवच ॲल्युमिना या सिरॅमिकचं; ते किती किरणं फेकतं हा आकडा चुकला की तापमान चुकतं, आणि उत्सर्जन तापमानाच्या चौथ्या घातानं वाढत असल्यानं ऊर्जेचा हिशेब तर पारच फुगतो.

याहून वाईट म्हणजे पावडर भरताना आणि काढताना स्वतः रोस्सीचा हात होता. वापरून उरलेल्या पावडरीत, म्हणजे राखेत, निकेल-६२ हा निकेलचाच एक प्रकार (समस्थानिक) जवळपास शंभर टक्के निघाला. निसर्गातल्या निकेलमध्ये तो ४ टक्क्यांहून कमी असतो. अणुभट्टीची करामत म्हणा किंवा शुद्ध केलेलं विकतचं निकेल म्हणा, राख बघून कळणार नाही. त्यानं बदललीच, असं मी म्हणत नाही. पण ज्याचा माल त्याच्याच हाती नमुना, तर पंच कशाला बोलवायचे?

मामांना एवढंच सांगितलं की नंबरवाल्याला विचारा, तुझ्या घरचं वीजमीटर काढलं का? असेल तर फोटो पाठव.

त्यांनी विचारलं. दोन निळ्या टिक आल्या. दोन दिवस झाले.