मोत्याला काडी लावण्याआधी

लग्नसराई आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'खरा मोती ओळखा! पेटती काडी धरा, खरा असेल तर काही होत नाही. व्हिनेगरमध्ये टाका, बुडबुडे आले तर खरा. गार आणि जड लागला तर खराच. आणि कल्चर मोती म्हणजे नकली.' पंचवटीतल्या मावशीने परवा तो वाचला आणि तन्मणीच्या सरावर काडी धरली.

मोत्याचे थर कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. आच लागली की ते काळवंडतात, तडकतात. नकली मण्यावरचा लेपही करपतो. मग कळलं काय? मावशीच्या मोत्यावर तपकिरी डाग पडला, एवढंच.

व्हिनेगरचे बुडबुडे म्हणजे मोती विरघळतोय. बरं, शिंपल्याच्या मण्यावर लेप चढवलेले नकली मोतीही मिळतात. भोकातून व्हिनेगर आत शिरलं की तेही फसफसणार. गार आणि जड तर काचेचा मणीसुद्धा लागतो.

'कल्चर म्हणजे नकली' हे मात्र सगळ्यात चुकीचं. माणूस शिंपल्यात मणी किंवा मांसल पडद्याचा तुकडा बसवतो, पुढचे थर शिंपलाच चढवतो. जपानच्या मिकिमोतोंनी 1893 मध्ये असे अर्धगोल मोती पिकवले. आज दुकानात दिसणारे बहुतेक खरे मोती कल्चरच असतात. आजीच्या पेटीतले बसराई (इराणच्या आखातातले) म्हणवले जाणारे मोती निसर्गतः झालेले की पिकवलेले, हे घरी खात्रीने कळत नाही. त्याला प्रयोगशाळेत एक्स-रे लागतो.

मग बघायचं कुठे? भोकाशी. दहापट दाखवणारं भिंग घ्या. नकलीचा लेप भोकाच्या कडेला रंगाच्या पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. मणी घालून पिकवलेल्या मोत्यात आतला मणी आणि वरचा थर यांच्यामधली रेघ दिसते. गोड्या पाण्याच्या मोत्यात बहुधा मणीच नसतो, म्हणून रेघ नाही दिसली तर घाबरू नका. दुसरं, दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. खरे खरखरीत लागतात, नकली बहुधा गुळगुळीत सरकतात. दातावर घासायलाही सांगतात, पण दुकानातल्या मालाला दात लावायचा म्हणजे कठीणच! आणि सगळी माळ तंतोतंत एकसारखी, वर स्वस्त, तर शंका घ्यावी.

मावशी शेवटी सराफ बाजारात गेली. सराफांनी भिंग लावलं, भोक पाहिलं, डागावरून बोट फिरवलं.

"मोती खरा आहे," ते म्हणाले, "पण आता याचं पाणी गेलं."