कलम १८५ वर समाधान मानू नका

पिऊन गाडी चालवणाऱ्या मराठी माणसाला महत्त्वाकांक्षा म्हणून नाही. नाकाबंदीत सापडला, मशीनमध्ये फुंकला, कोर्टात हात जोडून उभा राहिला, दंड भरला, संपलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५: पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, वर किमान सहा महिने लायसन्सला सुट्टी. दुसऱ्या खेपेला दोन वर्षांपर्यंत आणि पंधरा हजार. तुमच्यासारख्या ओळखीपाळखीच्या माणसाला एवढंसं शोभत नाही. थोडं डोकं चालवलंत तर त्याच रात्री, त्याच बॅरिकेडपाशी आणखी चार-पाच कलमं आरामात पदरात पडतात.

श्रीगणेशा बारमध्येच होतो. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो हे तुम्हाला ठाऊक नसणारच. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जागेवर आहे, आणि कडक दारूसाठी वयाची पंचविशी गाठावी लागते. म्हणजे चावी खिशातून काढायच्या आधीच तुमचं खातं उघडलेलं असतं.

मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. दोन लार्ज पेग रिचवले की बहुतेकांनी ती कधीच ओलांडलेली असते. तरी विचारल्यावर ‘दोनच झालेत साहेब’ असंच म्हणायचं. नाकाबंदीत तिसरा पेग कबूल केलेला माणूस अजून जन्माला यायचाय. त्याआधी पानटपरीवर थांबून मसाला पान, दोन वेलदोडे, वर मिंटच्या गोळ्या असा सगळा तोबरा भरून घ्या. मशीनला तोंडाच्या वासाशी देणंघेणं नसतं, त्याला फुप्फुसातली हवा लागते, आणि रक्तातली दारू तिथूनच बाहेर पडते, ही क्षुल्लक बाब सोडून द्या. लिव्हर आपल्या सरकारी गतीनं, १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅम, फायली निकालात काढतं. त्याला काळी कॉफी पाजून किंवा तोंडावर गार पाण्याचे हबके मारून घाई होत नाही. एक ओला, तरतरीत दारुडा मात्र तयार होतो.

मग ती प्लॅस्टिकची नळी पुढे येते. ‘फुंका.’ इथे कच खाऊ नका. दमा आहे सांगा, उपास आहे सांगा, गाल फुगवून हवा आतल्या आत ठेवा. सबळ कारणाशिवाय नकार दिला तर कलम २०५ खाली तो नकारच सरकारी पक्षाच्या पुराव्याला टेकू म्हणून धरता येतो. स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः देण्याची इतकी सोय इतर गुन्ह्यांत क्वचितच मिळते.

यानंतर फोन. हा या कलेचा प्राण आहे. मध्यरात्री पावणेएकला एका नगरसेवकाच्या मेहुण्याला उठवा आणि मोबाइल हवालदाराच्या नाकापुढे धरून म्हणा, ‘साहेबांशी बोला.’ हवालदार हात पाठीमागे बांधतो. फोनकडे बघतसुद्धा नाही. स्पीकरवरून आवाज येतो, ‘कोण बोलतंय? कुठले कुलकर्णी?’ मागच्या रिक्षातला पोरगा एव्हाना शूटिंग करायला लागलेला असतो. हीच वेळ आहे ‘तू मला ओळखत नाहीस’ म्हणण्याची, आणि ते एकेरीतच म्हणायचं, कारण अहो-जाहो करून धमकी देता येत नाही. जरा हिंमत करून कॉलरला हात घातलात तर सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला, भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, दोन वर्षांपर्यंत. अभिनंदन, संग्रह वाढू लागला.

‘इथेच मिटवून टाका ना’ हे वाक्यही विसरू नका. हेल्मेट नसल्याचा दंड जागेवर भरता येतो. १८५ तडजोडीच्या यादीतच नाही, त्याला कोर्टच गाठावं लागतं. म्हणून तर पाकिटातून दोन हजार काढायचे! २०१८ पासून लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सहा महिन्यांच्या कलमातून सुटायला सात वर्षांचं कलम विकत घ्यायचं, तेही रोखीत. असा व्यवहार आपल्याकडे फक्त हुशार माणसांनाच सुचतो.

इथवर सगळं रस्त्याच्या कडेला, गाडी उभी असताना. नाकाबंदी लागलीच नाही तर?

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी फूटपाथवर चढली. रस्त्याच्या कामावरचे मजूर तिथेच झोपले होते. सात गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. खालच्या कोर्टानं सहा महिने दिले. उच्च न्यायालयानं निष्काळजीपणाच्या जागी सदोष मनुष्यवधाचं कलम लावून तीन वर्षं केली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. त्या कलमाच्या लागू झालेल्या भागाखाली कमाल शिक्षा दहा वर्षांची होती. सात माणसांना तीन वर्षं; भागाकार तुम्हीच करा, मला तो कधी धड जमलेला नाही.

पुण्याचा धडा सगळ्यांना अर्धाच पाठ आहे. १९ मे २०२४, कल्याणीनगर, नोंदणी न झालेली पोर्श, दोन तरुण इंजिनिअर ठार, सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन आणि ३०० शब्दांचा निबंध. निबंधावर सगळ्यांनी विनोद केले. त्यापुढचं तुमच्या उपयोगाचं आहे. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाचे डॉक्टर आणि आई यांना अटक झाली. गुन्हा अंगावर घे म्हणून घरच्या ड्रायव्हरला डांबल्याच्या आरोपावरून आजोबांना अटक झाली. वडील तर आधीच आत होते. स्टेअरिंगवर एकच जण होता, पण निस्तरायला अख्खं घर निघालं तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र कलम आलं. एकत्र कुटुंबपद्धती टिकली पाहिजे, ती अशी.

तुम्ही सज्ञान आहात, तेव्हा निबंधाची आशा धरू नका. गाडीच्या चुराड्याचे पैसे विमा कंपनी देणार नाही. पॉलिसीच्या बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं, फक्त शोरूममध्ये पेढे खाताना ते कुणी वाचत नाही. अमेरिकेत लेकीकडे बाळंतपणाला जायचं ठरवलंत तर व्हिसाच्या अर्जात ‘तुम्हाला कधी अटक झाली आहे का’ हा प्रश्न सगळ्यांनाच असतो. तिथे ‘दोनच झाले होते’ लिहायला रकाना नाही.

राहता राहिले मित्र. ‘काही होत नाही रे, रोजचा रस्ता आहे, तूच चालव’ म्हणणारे. मोटार वाहन कायद्याच्याच कलम १८८ प्रमाणे चिथावणी देणाऱ्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. एवढं एक वाक्य शनिवारी संध्याकाळी ‘बसायचं का?’ विचारणाऱ्या ग्रुपवर टाकून बघा. पाच मिनिटांत कुणाच्या तरी सासूची तब्येत बिघडेल, कुणी अँटिबायोटिकवर असेल, आणि जो उरेल तो विचारेल, कॅब तू बुक करतोस की मी करू?