दंड बंद करण्याआधी तो कुणाला होतोय ते बघा

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्लंडमधल्या कौन्सिलांनी दंडाचा धंदा मांडलाय. स्टेशनबाहेर सिगारेटचं थोटूक टाकणारा लगेच पकडला जातो, पण तुमच्या गल्लीतली कुत्र्याची घाण तशीच पडून राहते. तीही नैसर्गिकच, पावसात वाहून जाते. तेव्हा दंड बंद करा आणि कचऱ्याचे डबे वाढवा.

पावसाचं आधी बोलते, कारण तेच मला सगळ्यात जास्त खटकलं. कुत्र्याच्या विष्ठेत टॉक्सोकारा नावाच्या जंताची अंडी असू शकतात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे मुरल्यावर ती बाधायला लागतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. म्हणजे पावसाने घाण दिसेनाशी होते, पण अंडी तिथेच राहतात. मग त्याच हिरवळीवर एखादं मूल बसतं, माती चिवडतं आणि बोटं तोंडात घालतं. आजार क्वचितच होतो हे खरं, पण डोळ्यापर्यंत गेला तर नजर कायमची जाऊ शकते. तेव्हा ‘नैसर्गिक’ म्हणून ही घाण सोडून देणं मला अजिबात पटत नाही.

आता थोटूक आणि कुत्रा. तुमचं निरीक्षण अचूक आहे. थोटूक टाकणारा भरदिवसा, गर्दीत, एका जागी उभा असतो. अंगावर कॅमेरा लावलेला अधिकारी चार पावलं चालून जातो, नाव-पत्ता विचारतो आणि पावती फाडतो. थोटूक आणि च्युइंगगम हाही कचराच, हे २००५ च्या कायद्याने स्पष्ट केलंय, त्यामुळे वादाला जागा नाही. कुत्र्याचं तसं नाही. हिवाळ्यात पहाटेच्या अंधारात कुत्रा फिरवणारा माणूस मोबाइलमध्ये बघत पुढे निघून जातो. कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेलं असल्याशिवाय आणि तो माणूस कोण हे कळल्याशिवाय पावती फाडायची कुणाच्या नावाने?

त्यात कायद्याची रचनाही विचित्र आहे. कचऱ्याच्या दंडाची कमाल मर्यादा २०२३ मध्ये १५० वरून ५०० पौंडांवर नेली. कुत्र्याच्या घाणीचा दंड मात्र बहुतेक ठिकाणी २०१४ च्या कायद्याखाली कौन्सिल सार्वजनिक जागांसाठी जो आदेश काढते त्यातून होतो, आणि त्याची १०० पौंडांची मर्यादा तेव्हा कुणी हलवली नाही. म्हणजे २०२३ मध्ये थोटकाला ५०० पर्यंत, विष्ठेला फार तर १००! शिवाय हा आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. कौन्सिलने मुदत वाढवली नाही, तर दंडाचा आधारच जातो.

धंद्याच्या आरोपाबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. कौन्सिलच्या वतीने पावत्या फाडणाऱ्या खासगी कंत्राटदाराला पावतीमागे पैसे मिळत असतील, तर त्याची माणसं जिथे पावत्या पटापट फाटतात तिथेच उभी राहणार. दंड हे उत्पन्नाचं साधन नाही आणि पावत्या वाढल्या म्हणून कंत्राटदाराची कमाई वाढता कामा नये, असं सरकारचं मार्गदर्शनही सांगतं. पण हा दोष कंत्राटाचा आहे. तो काढायचा तर कंत्राट बदला. दंडच काढून टाकलात, तर तुमच्या गल्लीतल्या त्या माणसाला आत्ता जी थोडीफार धास्ती असेल, तीही राहणार नाही.

डबे वाढवण्याला माझा विरोध नाही. पण बऱ्याच कौन्सिलांनी केव्हाच सांगितलंय की पिशवीची गाठ मारून ती कुठल्याही साध्या डब्यात टाकली तरी चालते. आणि घाण नीट पिशवीत भरून तीच पिशवी कुंपणाच्या काट्यांना लटकवून जाणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. त्यांची अडचण डब्याची नाही.

गल्लीचं म्हणाल, तर नुसती ‘घाण आहे’ अशी तक्रार केली की सफाईवाला येऊन जातो, बाकी काही बदलत नाही. वार, वेळ, कुत्र्याचं वर्णन आणि तो माणूस कुठल्या बाजूने येतो, हे कळवा. बहुतेक कुत्री रोज ठरलेल्या वेळीच फिरतात, त्यामुळे अधिकाऱ्याला त्या वेळी येऊन थांबता येतं. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. साधा ईमेल चालतो आणि कामकाजाच्या २० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. तीनच गोष्टी विचारा: गेल्या वर्षीच्या पावत्यांपैकी कुत्र्याच्या घाणीच्या किती, कंत्राटदाराला पैसे कशाच्या हिशेबाने मिळतात, आणि सध्याच्या आदेशाची मुदत कधी संपते. उत्तर आलं की इथे टाका, मी त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.