पोर्ट सैदचं सीमांतपूजन

नवरदेवाची वरात गावाच्या वेशीवर थांबते, मुलीकडचे येऊन पाय धुतात, पूजा करतात आणि मगच तिला आत घेतात. भूमध्य समुद्राकडून सुएझ कालव्यात शिरणाऱ्या जहाजाची वेस म्हणजे पोर्ट सैद. फरक एवढाच, की इथे पूजेचं सामान नवरदेवानेच आणायचं, दक्षिणा त्यानेच द्यायची आणि मुहूर्त पहाटे साडेतीनच्या सुमाराचा. कॉन्व्हॉय म्हणजे वरातच ती: जहाजं एकामागे एक, ठरल्या क्रमाने. वेशीवर ठरलेल्या वेळेत पोचला नाहीत, तर पुढच्या मुहूर्ताची वाट बघायची किंवा जादा पैसे मोजायचे.

या घरचं पंचांगही निराळं. जहाजाकडे एरवीचा टनेजचा, म्हणजे आतल्या जागेच्या मापाचा दाखला असतोच, पण कालव्याला तो चालत नाही. जहाजातली कुठली जागा मोजायची आणि कुठली सोडायची याचे कालव्याचे नियम वेगळे, म्हणून ‘सुएझ कालवा टनेज’चा दाखला वेगळा. टोल त्यावर ठरतो, त्यामुळे कप्तान तो दाखला लग्नातल्या दागिन्यांच्या डब्यासारखा सांभाळतो.

मग दिवा. जहाजाच्या नाकाशी, अगदी मधोमध एक मोठा सर्चलाइट लावावा लागतो. १८०० मीटरवरचा काठ दिसला पाहिजे, शिवाय झोत मधोमध चिरता आला पाहिजे: एक पट्टा ५ अंशांचा डावीकडे, दुसरा तेवढाच उजवीकडे, आणि मध्ये १० अंशांपर्यंत हवा तेवढा काळोख. दोन्ही काठ दिसावेत पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत, हा त्यातला विचार. हायवेवर अप्पर मारत येणाऱ्या ट्रकवाल्यांनी हा नियम एकदा वाचावा.

दिवा सहसा बिघडत नाही, बिघडतो त्याचा सॉकेट. फोक्सलवर, म्हणजे नाकाकडच्या डेकवर वर्षभर लाटा आपटतात, झाकणाचं रबरी पॅकिंग कडक होतं, आत खारं पाणी जातं आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावलं की काटा शून्याच्या आसपास झोपतो. उपाय साधा आहे. वीज बंद करून सॉकेट उघडा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, टर्मिनल घासा, पॅकिंग नवं घाला. हे सगळं दोन दिवस आधी उरकायचं असतं. जगातल्या सगळ्या जहाजांवर ते नांगर टाकल्यावर आठवतं.

पुढे होड्या. मुरिंगच्या दोन होड्या आणि त्यांचे नावाडी जहाजावर घ्यायचे. धुकं आलं, वाळूचं वादळ उठलं किंवा पुढचं जहाज अडलं, तर या होड्या खाली सोडून दोर काठावरच्या खुंटांना नेऊन बांधायचे. त्यासाठी क्रेन निदान ४ टन पेलणारी हवी. उचलताना खरी अडचण वजनाची नसते, लाटेची असते. होडी खाली जाते तेव्हा हूक वर राहतो, होडी वर येते तेव्हा दोर सैल पडतो आणि मग झटका बसतो. म्हणून होडी लाटेच्या माथ्यावर असताना ताण घ्यायचा आणि थांबायचं नाही. बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, हे शिट्टीने सांगतो. शिट्टी ऐकू गेली नाही, तर शिवीने.

नावाड्यांना बसायला खोली लागते. जहाज बांधतानाच तिच्या दारावर ‘सुएझ क्रू’ अशी पाटी बसते. उरलेलं वर्षभर त्या खोलीत रंगाचे डबे, मोडकी सायकल आणि सोंगट्या हरवलेला कॅरम नांदतो. आदल्या संध्याकाळी तो संसार बाहेर काढायचा. लगेच तिथे रुखवत मांडलं जातं: पितळी पिरॅमिड, चामड्याचे उंट, सिमकार्डं, पपायरसवरची चित्रं. घासाघीस जरूर करा, पण आधी कागद उजेडासमोर धरा. खऱ्या पपायरसमध्ये आडवे-उभे धागे दिसतात आणि तो वाकवला तरी तडकत नाही. केळीच्या पानाचा लगेच मोडतो.

मानपानाबद्दल मी फार बोलणार नाही, लग्नघरात कोणी बोलत नाही. जगभरच्या खलाशांनी या कालव्याला सिगारेटच्या एका ब्रँडचं नाव ठेवलंय, एवढं पुरे. कंपनीच्या ऑफिसातून ‘एकही पाकीट देऊ नये’ असं पत्र येतं. रुसवे काढायला मात्र ऑफिस येत नाही.

एवढं झाल्यावर कालवा दिसायला अगदी सोपा. १९३ किलोमीटर, जहाज वर-खाली करणारं एकही लॉक (पाण्याचं दार) नाही, वेग ताशी १४-१५ किलोमीटर. पण काठ जवळ आला की पाणी आपले रंग दाखवतं: नाक काठापासून दूर ढकललं जातं आणि शेपूट काठाकडे ओढलं जातं. वेग दुप्पट केला तर ही ओढ साधारण चौपट. कमी केला, तर सुकाणूला पाणी पुरत नाही. दोन्हींच्या मधली जागा शोधत कालव्याचा वाटाड्या, म्हणजे पायलट, सल्ला देतो, आणि जबाबदारी शेवटपर्यंत कप्तानाची. ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज २३ मार्च २०२१ रोजी आडवं अडकलं तेव्हा जग हसलं. आमच्या मेसमध्ये हसू जरा बेतानेच फुटलं. जहाज ४०० मीटर, कालवा त्याहून अरुंद, वर कंटेनरची भिंत म्हणजे वाऱ्याला आयतं शीड, आणि त्यावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी आपले भारतीय.

या गडबडीत शहर बघायचं राहूनच जातं. मोठी जहाजं तर पूर्वेच्या बायपासने जातात. एकेकाळी मुंबईहून विलायतेला निघालेली आगबोट इथे थांबायची आणि ‘गलीगली’वाले जादूगार डेकवर येऊन प्रवाशांच्या खिशातून कोंबडीची पिल्लं काढायचे. धक्क्यावर कालवा खोदवून घेणाऱ्या फर्डिनांड द लेसेप्सचा पुतळा उभा होता. कालव्याचं राष्ट्रीयीकरण १९५६ च्या जुलैत झालं, डिसेंबरात पुतळा उतरवला गेला, चौथरा तेवढा राहिला. समोर, कालव्याच्या पलीकडच्या काठावर, पोर्ट फुआद. तिकडची फेरी फुकट, म्हणजे आफ्रिकेतून आशियात जायला एक पैसा लागत नाही. पैसे उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांनीच भरायचे.

वाटेत मध्यावर इस्माइलियाला पायलट बदलतो तोवर ऊन चांगलंच चढलेलं असतं. ज्या दिव्यासाठी दुपार गेली, तो जेमतेम दोन-तीन तास जळून कधीच विझलेला असतो. होड्या बहुतेक वेळा पाण्याला न लागता दक्षिण टोकाच्या सुएझ शहराला पोचतात आणि तिथे त्याच क्रेनने उतरतात. मग दोर गुंडाळायचे, सॉकेटचं झाकण घट्ट करायचं. ‘सुएझ क्रू’च्या खोलीत कॅरम परत जातो. सोंगट्या अजून सापडलेल्या नसतात.