वॅक्सच्या आधी भांड्याचं लिक्विड? जे निघायला पाहिजे ते निघतच नाही ओ

सध्या सोलापुरात ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याच्या मोबाईलवर हा मेसेज येऊन गेलेलाच असणार. मजकूर थोडक्यात असा, की गाडीला वॅक्स, म्हणजे चकाकी आणि संरक्षणासाठीचं मेण, लावायच्या आधी भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, जुना वॅक्स सगळा निघतो, पेंटची छिद्रं मोकळी होतात, नवा वॅक्स घट्ट बसतो, हाताला चालतं ते पेंटला चालतंच, अमेरिकेत सगळे हेच करतात, फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, आणि कार शॅम्पू म्हणजे कंपन्यांची लूट. सोबत एक व्हिडिओ, त्यात धुण्याआधी बोनेटवर पाण्याचे थेंब टपोरे उभे आणि धुतल्यावर पाणी सपाट पसरलेलं.

आधीच सांगतो, उलट बाजूचे जे लोक "एकदा लिक्विड लावलं की कलर गेलाच समजा" म्हणून घाबरवायलेत त्यांचंही मला पटत नाही. एकदा धुतल्याने कलर जात नाही. लिक्विडमध्ये मीठ असतं म्हणून गंज चढतो म्हणणारेपण आहेत, मीठ असतं हे खरं, घट्टपणासाठी घालतात, पण नीट पाणी मारलं की ते वाहून जातं. माझं म्हणणं वेगळंय. हे लिक्विड जे काढतं ते बहुतेक गाड्यांवर आधीच गेलेलं असतं, आणि वॅक्सच्या आधी जे खरंच काढायला पाहिजे त्याला ते हातपण लावत नाही.

"जुना वॅक्स सगळा निघतो." अर्धवट खरं. कार्नौबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, त्याचा थर लिक्विडने पातळ होतो, मान्य. पण हल्लीचे सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचे कृत्रिम थर, एका धुण्यात हलत नाहीत, आणि सिरॅमिक कोटिंग या काचेसारख्या कडक थराला तर तुम्ही बाटलीभर लिक्विड ओता, ते तिथेच. बरं, मुळात काढायला वॅक्स शिल्लक आहे का ते बघा की. उन्हातान्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर कार्नौबा काही आठवडे टिकतो, लई झालं तर दोनेक महिने. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, काळ्या गाडीच्या बोनेटवर हात टेकवत नाही, त्यात गेल्या दिवाळीला लावलेला वॅक्स तुम्ही या दिवाळीला काढायला निघालात! आणि समजा थोडाफार राहिलाच असला तरी बऱ्याच पेस्ट वॅक्समध्ये सॉल्व्हंट असतं, नवा लावताना त्याच्यातच जुना विरघळतो, आणि पॉलिश मारणार असाल तर पॉलिशच तो काढून टाकतं.

आता तो व्हिडिओ, कारण लोकं त्यालाच भुललेत. थेंब उभे राहायचं बंद झालं म्हणजे वॅक्स गेला असं धरून चालायलेत. तसं नसतं. कुठल्याही साबणाचं कामच पाण्याचा पृष्ठताण कमी करायचं, त्याचा एकदम पातळ थर पेंटवर राहिला तरी पाणी थेंब न धरता पसरतं. खाली वॅक्स असला तरी. हेच बोनेट साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवा नाहीतर एखादा पाऊस पडू द्या, बऱ्याचदा थेंब परत उभे राहतात, म्हणजे वॅक्स कुठे गेलाच नव्हता, साबण राहिला होता. आणि त्या राहिलेल्या साबणावर वॅक्स लावला तर तो घट्ट बसणार कसा?

"पेंटची छिद्रं मोकळी होतात." छिद्रं नसतात ओ पेंटला. वरती असतो तो क्लिअरकोट, पारदर्शक प्लास्टिकसारखा थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, माणसाच्या केसापेक्षा पातळ. त्याला त्वचेसारखं श्वास घ्यायचं काम नाही. पुढे जाऊ.

खरी घाण कुठली ते मात्र सविस्तर सांगतो. हात एका पातळ कॅरीबॅगमध्ये घाला आणि गाडी धुऊन कोरडी झाल्यावर बोनेटवरून हलकेच फिरवा. डोळ्याला चकाचक दिसणारं बोनेट बोटांना खरखरीत लागतं, रवा सांडल्यागत. आमच्या शेजारच्या काकांची पांढरी गाडी रोज हैदराबाद रोडने जाऊन येऊन असते, तिच्या मागच्या दारावर जवळून बघितलं तर मोहरीपेक्षा बारीक केशरी ठिपके दिसतात, काकांना वाटायचं पत्र्याला आतून गंज लागायलाय. ते ब्रेकच्या घर्षणाचे लोखंडाचे कण, गरम असताना क्लिअरकोटमध्ये रुतून बसतात आणि मग गंजतात. त्याच्या खाली दाराच्या कडेला डांबराचे काळे थेंब. गाळप हंगामात साखर कारखान्याकडच्या गावात गाडी लावली तर वरून काजळी. आणि या सगळ्यावर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, कारण नळाला पाणी रोज येत नाही, मग धुणं बोअरवरच, आणि त्यातला क्षार वाळला की तिथेच चिकटतो.

वरची सैल काजळी सोडली तर यातलं भांड्याच्या लिक्विडने काय निघतं? काही नाही. ते तेलकटपणा सोडवायला बनवलेलं आहे, लोखंड, डांबर, क्षार हा त्याचा प्रांतच नाही. काकांच्या दारावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव, मारला तेव्हा ठिपक्यांभोवती जांभळे ओघळ यायला लागले, काका म्हणले, "आरं हे काय रक्त निघायलंय का?" लोखंडाशी रिअ‍ॅक्शन झाली की तो रंग येतो, घाबरायचं कारण नाही. डांबराला टार रिमूव्हर, आणि राहिलेल्या खरखरीला क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारा चिकणमातीसारखा मऊ गोळा, पण क्ले कोरडा घासू नका, भरपूर ल्युब्रिकंट किंवा शॅम्पूचं पाणी मारून हलक्या हाताने, आणि क्ले खाली पडला तर तो गोळा सरळ फेकून द्या. शेवटी जुनं मेण, पॉलिशचं तेल असलं काही राहिल्याची शंका असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून मायक्रोफायबरने पुसायचं, लिक्विडवर ज्या कामाचा भरवसा टाकलाय ते काम हे अल्कोहोल करतं आणि मागे काही ठेवत नाही.

"हाताला चालतं ते पेंटला चालतं." हातावर धूळ ठेवून आपण घासत नाही. आपली धूळ बारीक रेतीच असते, आणि धुताना ती कपड्याखाली घसरून जावी म्हणून कार शॅम्पूत खास निसरडेपणा दिलेला असतो. भांड्याच्या लिक्विडमध्ये तो कमी, त्याला तर ताट करकर वाजलं पाहिजे. मग उन्हात गाडी बघितली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चरांचं गोल गोल जाळं दिसतं ना, ते इथून येतं. याहून वाईट म्हणजे कितीतरी घरात लिक्विड नसतंच, मोरीत असते वडी आणि हिरवी घासणी, मेसेज वाचून माणूस तेच उचलतो. वडीत दगडाची बारीक पूड असते, कढई घासायला बरी. आणि हो, सोलापुरी टॉवेल आपला अभिमान आहे, पण त्याची शिवलेली कड क्लिअरकोटवर घासू नका, अंग पुसायलाच ठेवा.

"अमेरिकेत सगळे हेच करतात." तिकडं डॉन नावाचं निळं लिक्विड आहे, १९७८ पासून तेलगळतीत माखलेले पक्षी त्याने धुतात, त्यामुळे त्याचं नाव मोठं झालं, आणि गाडीवाल्यांमध्येही हा सल्ला पसरलेला आहे. पक्ष्याच्या पिसावर तेल होतं म्हणून ते चाललं. तुमच्या बोनेटवर तेल नाही.

"फेस जास्त म्हणजे सफाई जास्त." फेस जास्त म्हणजे धुवायला पाणी जास्त, एवढंच. ज्या गावात माणसं टाकीत किती पाणी उरलंय ते बघून आंघोळ करतात तिथं हे सांगायची गरज पडावी!

राहिली लूट. शॅम्पूची बाटली महाग दिसते, पण बादलीला एक-दोन झाकणं लागतात, महिनोन्‌महिने पुरते. पैसे वाचवायचेच असतील तर वॅक्सच्या डब्यावर वाचवा, क्ले मारून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर साधा वॅक्स जेवढा दिसतो तेवढा भारीतला इम्पोर्टेड वॅक्स खरखरीत पत्र्यावर दिसत नाही. आणि धुणं-वॅक्स सगळं सकाळी लवकर नाहीतर सावलीत करा, दुपारी बोनेट तापलेलं असताना शॅम्पू काय, लिक्विड काय, जागेवरच वाळून डाग पडतो.