सेरेंगेटीत पैसे कसे वसूल करावेत

आयुष्यभर साठवलेली रजा आणि त्याहून कष्टाने साठवलेले पैसे खर्चून आपण टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात निघाला आहात, त्याअर्थी तेथील प्राण्यांनी आपल्याला वेळेवर दर्शन देणे हे त्यांचे कर्तव्यच ठरते, एवढी गोष्ट विमानात बसण्यापूर्वी मनाशी पक्की करावी. उद्यानाचे क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून किंचितच कमी आहे, आणि एवढ्या मुलखात सिंह आपला पत्ता कोणाला सांगून ठेवत नाही, असली कारणे चालक देऊ लागला तर ऐकून घेऊ नयेत. ताडोब्यात वाघ दिसला नव्हता तेव्हाही अशीच कारणे ऐकवली गेली होती, हे त्याला सुनवावे.

कपडे गडद निळे किंवा काळे घ्यावेत. फोटोत ते खुलतात आणि कडकडून चावणाऱ्या त्सेत्से माशीलाही नेमके तेच रंग आवडतात. निदान एका वन्य जीवाने तरी आपली जवळून दखल घेतली, असे घरी सांगता येते.

सकाळी सहाला निघू, असे चालक सुचवील, कारण उन्हे तापण्यापूर्वी शिकारी प्राणी हिंडताना दिसतात. आपण आधी ऑम्लेटची रांग संपू द्यावी, सोबत आणलेली भाकरवडी सर्व टेबलांवर फिरवावी आणि नऊच्या सुमारास निघावे. सिंह दिवसाचे वीस-वीस तास लोळून काढतो. तो बाभळीखाली आडवा सापडला की हलत का नाही म्हणून गाडीच्या दारावर थापा माराव्यात.

सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानरेडा यांना ‘बिग फाइव्ह’ म्हणतात. पायी शिकार करायला हे पाच सर्वांत धोक्याचे, म्हणून गोऱ्या शिकाऱ्यांनी ही यादी केली. आपल्या हाती बंदूक नसली तरी यादी तीच आहे आणि ती खुणा करत पुरी करायची आहे. जिराफ तिच्यात नाही, तेव्हा त्याच्यासाठी गाडी थांबवू देऊ नये. विल्डबीस्ट या थोराड, हरणवर्गी प्राण्याचे वेळापत्रकही मनावर घेऊ नये. पंधरा लाखांच्या आसपासचे हे कळप जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिणेच्या आखूड गवतात वितात आणि पावसामागून चालत जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान उत्तरेस मारा नदी ओलांडतात. आपण मात्र मुलांच्या परीक्षा संपल्यावर मे महिन्यात नदीकाठी उभे राहावे आणि मगरी नुसत्या का पडून आहेत, याचा जाब विचारावा.

खरी वसुली चित्त्याकडून करता येते. सिंह आणि तरस त्याच्या तोंडचा घास हिसकावतात, म्हणून तो बिचारा दिवसाढवळ्या, म्हणजे नेमका आपल्या नाश्त्यानंतरच्या वेळात शिकार करतो. स्वाहिलीत त्याला ‘दुमा’ म्हणतात. वायरलेसवर हा शब्द ऐकू आला की चालकाला बक्षिशीची आठवण द्यावी. ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आणि रस्ता न सोडण्याचा नियम तो आपोआप विसरतो. मी गेलो होतो तेव्हा वारुळावर एक मादी बसली होती, दोन पिल्ले गवतात दबून होती आणि तिची नजर दूरच्या हरणांवर खिळली होती. आमची गाडी बाविसावी. आम्ही पोहोचल्यावर वर्तुळ पुरे झाले. ती उठली, पाखरासारखा चिवचिवाट करून तिने पिल्लांना बोलावले आणि दोन गाड्यांच्या फटीतून ती चालती झाली. हरणे केव्हाच पांगली होती. ‘अहो, जरा पळवा की तिला,’ आमच्यातले एक काका म्हणाले.

सेरेंगेटी हे नाव येथल्या मसाई या गुराखी जमातीच्या भाषेतून आले आहे. ते नाव ठेवून घेऊन १९५९ साली मसाईंना गुरांसकट उद्यानाबाहेर काढण्यात आले. त्यांच्या गाईंनी येथे चरणे बरे नव्हे. बावीस डिझेल गाड्यांबद्दल कोणाची तक्रार नाही. परतताना एन्गोरोंगोरोच्या वाटेवर त्यांची वस्ती लागते, तेथे उतरून मण्यांच्या माळेसाठी घासाघीस मात्र अवश्य करावी.

चित्त्याचा फोटो माझ्याकडे आहे. पुढच्या लँड क्रूझरच्या स्टेपनीआडून शेपटीचे पांढरे टोक दिसते. पाहुण्यांना दाखवताना तेवढे बोट ठेवावे लागते.