‘आमच्या वेळी असली नाटकं नव्हती’

घरच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला: ‘आपल्या आज्यांनी आठ-आठ बाळंतपणं काढली, तिसऱ्या दिवशी शेतात गेल्या, कुणाला डिप्रेशन आलं नाही. आईपण आलं की ताकद आपोआप येते. गोळ्या सोडा, लेकराकडे बघा.’ खाली अंगठ्यांची रांग.

कुणाला आलं नाही? मेसेज पाठवणाऱ्या मावशीनंच मागे सांगितलं होतं, की तिची थोरली जाऊ तिसऱ्या खेपेनंतर सहा महिने कुणाशी बोलली नाही. बाहेरचं लागलं म्हणून देवऋषाकडे फिरवली, मग माहेरी धाडली. आजार होताच, नाव निराळं होतं. भारतातल्या ३८ अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात साधारण २२ टक्के आयांना बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं.

शेतात गेल्या असतील, पण हौसेनं नव्हे. घरात दाणा नव्हता म्हणून. ज्यांना परवडत होतं त्यांच्याकडे बाळंतीण सव्वा महिना खोलीत असायची. शेक-शेगडी, मालिशवाली, डिंकाचे लाडू आणि मुख्य म्हणजे रात्री बाळ घ्यायला चार हात. (त्या खोलीत काहींचा जीव गुदमरायचा, तेही खरं.) आता दोन खोल्यांत आई एकटी. कायद्यानं तिला २६ आठवडे रजा दिली, तीही पगारी नोकरी असेल तर. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एक दिवसही नाही.

ताकद आपोआप येते म्हणे. माझ्या वहिनीनं बाळाच्या दुधाची वही ठेवली होती. एकविसाव्या रात्रीच्या नोंदी: १.१०, २.४०, ३.२५, ५.००. आई म्हणायची, “अगं, बाळ झोपलं की तूही पाठ टेक.” वहिनी टेकायची, पण बाळ गाढ झोपलेलं असतानाही तिचा डोळा लागायचा नाही. ती नुसती दमणूक नव्हती, हे आम्हाला उशिरा कळलं. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी, बाळाची भीती किंवा ‘मी वाईट आई आहे’ हे चालूच राहिलं तर डॉक्टर गाठायचा. भास होऊ लागले, किंवा स्वतःला, बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी, आणि तिला एकटं न ठेवता.

गोळ्यांबद्दल एवढंच: अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत, सर्ट्रालीन त्यातलंच. कोणतं घ्यायचं ते डॉक्टर सांगतील, ग्रुप नव्हे. गोळ्या मनानं बंद करणं जास्त धोक्याचं.

दवाखान्यात बाळंत झालेलीकडे आरोग्य खात्याची आशाताई ४२ दिवसांत सहा फेऱ्या मारते. ती बाळाचं वजन करत असताना आईनं आपलंही सांगावं. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री अडीचलाही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि बारशाआधी बघायला जाणाऱ्यांनी बाळ कुणावर गेलंय ते नंतर ठरवावं. आधी तासभर बाळ घ्यावं आणि तिच्या खोलीचं दार ओढून घ्यावं.